साथीच्या काळात विद्यापीठ कशावर चाललं? आराखडा लिहायला बसलेल्या एका प्राध्यापकांना उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुढच्या साथीत किंवा महापूर-चक्रीवादळासारख्या आपत्तीत शिकवणं आणि परीक्षा चालू ठेवण्याचा आराखडा करायला तुमच्या विद्यापीठाने समिती नेमली आहे. तुम्ही तिच्यातले सर्वांत नवे सदस्य. पहिल्याच बैठकीत ‘एक चांगली एलएमएस (ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली) आणि प्रॉक्टरिंगची (परीक्षेवर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवण्याची) प्रणाली घेतली की काम झालं’ असा सूर निघाला. तुम्हाला तो पटला नाही, पण त्याविरुद्ध मांडायला हाताशी काही नव्हतं. म्हणून तुम्ही विचारलंत की कोविडच्या काळात विद्यापीठांत नक्की काय तगलं, काय कोलमडलं, त्या परीक्षांचे गुण किती खरे धरावेत, आणि प्रणाली घ्यायचीच झाली तर ती कशी घ्यावी.

मी रसायनशास्त्र शिकवते. २०२० ते २०२२ या काळात ग्रामीण भागातल्या एका संलग्न महाविद्यालयाची परीक्षा अधिकारी होते. विद्यापीठातून निघालेलं परिपत्रक जिथे येऊन प्रत्यक्षात उतरतं किंवा अडतं, ते टेबल माझं होतं. कुलगुरूंच्या दालनातून तोच काळ वेगळा दिसला असेल. माझं मत या टेबलावरून बनलेलं आहे आणि ते ठाम आहे: विद्यापीठ तगलं ते विद्यार्थ्यापर्यंत पोचू शकणाऱ्या माणसांवर आणि आधीपासून नीट ठेवलेल्या नोंदींवर. प्रणालीचा नंबर त्यानंतर लागतो. ही दोन कामं जिथे झालेली होती तिथे साधी प्रणालीही निभावून गेली. जिथे नव्हती तिथे महागड्या प्रणालीनेही पहिल्याच पेपरला मान टाकली.

आता, कशावर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण सगळ्यांना एकच आराखडा लागू पडत नाही. एकाच परिसरात वसलेलं विद्यापीठ असेल, बहुतेक मुलं वसतिगृहात राहत असतील, तर तुमचा मोठा प्रश्न वसतिगृह हा आहे. संलग्न महाविद्यालयांचं जाळं असेल तर गोष्ट बदलते. मुंबई विद्यापीठाची हद्द पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत जाते. गोंडवाना विद्यापीठाच्या हद्दीत गडचिरोली आणि चंद्रपूर हे जिल्हे येतात. चर्चगेटच्या महाविद्यालयाला जमेल ते भामरागडच्या मुलाला जमणार नाही. कला-वाणिज्य शाखांचं प्रमाण किती, प्रात्यक्षिकांचं किती, स्वायत्त महाविद्यालयं किती, कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, यानेही फरक पडतो. तुमच्या विद्यापीठाची ही माहिती मला नाही. तेव्हा पुढचं वाचताना आपल्या हद्दीचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवा.

पहिला मुद्दा संपर्काचा. मार्च २०२० च्या मध्यावर महाविद्यालयं बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. मधल्या दिवसांत मुलं मिळेल त्या एसटीने गावी गेली. पुस्तकं खोलीवर, जर्नल्स प्रयोगशाळेत, आणि आमच्याकडे त्यांच्याबद्दल उरलं काय, तर प्रवेश अर्जावरचा मोबाइल क्रमांक. तो क्रमांक लावायला बसलो तेव्हा कळलं की त्यातले बरेचसे विद्यार्थ्यांचे नाहीतच. अर्ज भरणाऱ्या नेट कॅफेवाल्याने ओटीपी यावा म्हणून स्वतःचा क्रमांक टाकलेला. एकाच क्रमांकावर एका गावातली पाच-सहा मुलं. काही क्रमांक रिचार्ज न झाल्याने बंद. विद्यापीठाच्या पोर्टलवर मात्र सगळं हिरवं दिसत होतं, कारण रकाना भरलेला होता.

इथे आमच्या कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिकांनी जे केलं ते तुमच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर जावं असं मला मनापासून वाटतं. त्यांनी वर्गवार याद्या काढल्या, पंचवीस-तीस मुलांमागे एक शिक्षक पालक म्हणून नेमून घेतला, आणि प्रत्येकाला एक साधा तक्ता दिला: फोन कोणाचा, तो घरी कधी असतो, रेंज कुठे येते, वीज किती वेळ असते, जवळचं महाविद्यालय कोणतं, घरी कोण आजारी आहे का. एका मुलीच्या नावापुढे लिहिलेलं होतं, ‘फोन वडिलांचा, ते वीटभट्टीवर, संध्याकाळी सातनंतर, रेंज शाळेमागच्या टेकाडावर.’ ही एक ओळ पुढे सहा महिने उपयोगी पडली. तिला व्याख्यानाची लिंक दुपारी पाठवण्यात अर्थ नव्हता. तिची तोंडी परीक्षा सकाळी ठेवण्यातही नव्हता. ऑक्टोबरात परीक्षा ऑनलाइन की केंद्रावर, हे पर्याय भरून घ्यायची वेळ आली तेव्हा आमच्याकडे हा तक्ता तयार होता, शेजारच्या काही महाविद्यालयांना मात्र तिथपासून सुरुवात करावी लागली.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, पुढे मंडणगड-दापोलीपर्यंत विजेचे खांब आणि मोबाइलचे टॉवर आडवे झाले, काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. साथ चालू असताना दुसरी आपत्ती येणार नाही असं गृहीत धरून लिहिलेला आराखडा कोकणात तरी टिकत नाही. अशा वेळी मुलांचा पत्ता गावातल्या ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून, माध्यमिक शाळेच्या शिक्षकाकडून, राष्ट्रीय सेवा योजनेच्या जुन्या स्वयंसेवकाकडून लागतो. म्हणून तक्त्यात एक रकाना त्यासाठी ठेवा: या गावात आपलं माणूस कोण?

दुसरा मुद्दा निर्णय कोणी घ्यायचा, हा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण समित्या हा भाग टाळतात आणि मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं.

२०२० चा घटनाक्रम आठवून पाहा. २९ एप्रिलला विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. मधल्या सत्रांच्या विद्यार्थ्यांना निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावर आणि निम्मे मागच्या सत्राच्या कामगिरीवर देता येतील, अंतिम वर्षाची परीक्षा मात्र जुलैमध्ये घ्यावी, असा त्याचा मथितार्थ. जूनमध्ये राज्य शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता सरासरीने निकाल लावायचं ठरवलं. कुलपती या नात्याने राज्यपालांनी त्याला आक्षेप घेतला. ६ जुलैला आयोगाने सुधारित सूचना काढून अंतिम परीक्षा सप्टेंबरअखेरपर्यंत बंधनकारक केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २८ ऑगस्टला निकाल आला: आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य परीक्षा पुढे ढकलू शकतं, त्यासाठी आयोगाकडे मुदत मागू शकतं, पण परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पदवी देऊ शकत नाही.

राज्यात अंतिम वर्षाचे ७ लाखांहून जास्त विद्यार्थी होते. त्यांच्या बाजूने हे वाचा. परीक्षा जुलैत आहे, मग नाहीच, मग आहे, मग न्यायालयात आहे. आमच्याकडच्या मुलांनी जूनमध्ये पुस्तकं ज्युनिअर मुलांना देऊन टाकली. काही जण औद्योगिक वसाहतीत कामाला लागले होते, कारण घरी दुसरी मिळकत उरली नव्हती. ऑगस्टअखेर त्यांना फोन करून ‘परत अभ्यासाला बस’ सांगणं फार जड गेलं.

न्यायालयाने सांगितलेली कायदेशीर रेघ आता स्पष्ट आहे. दर्जा ठरवणं आयोगाकडे, आपत्तीत तारीख पुढे नेणं राज्याकडे. तुमच्या समितीला ही रेघ बदलता येणार नाही. पण विद्यापीठाच्या हातात जे आहे ते आजच लिहून ठेवता येतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम १२ मध्ये तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना थेट कारवाई करण्याचे अधिकार आहेत. ते वापरून नेमकं काय करायचं, हे मात्र प्रत्येक विद्यापीठाने ऐनवेळी ठरवलं. तुम्ही आधी ठरवा. परीक्षा ज्या तारखेला अपेक्षित आहे तिच्या किती आठवडे आधी पद्धत जाहीर झालीच पाहिजे? वरून निर्णय आला नाही तर महाविद्यालयांनी कोणती पद्धत धरून तयारी चालू ठेवायची? परीक्षा व मूल्यमापन मंडळाची बैठक दूरस्थ पद्धतीने वैध कशी धरायची? विद्यार्थ्यांना सांगायचं ते कोणाच्या सहीने आणि कुठल्या एकाच ठिकाणी? या शेवटच्या प्रश्नाला लोक किरकोळ समजतात. त्या उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर बनावट परिपत्रकं फिरत होती, आणि खरं परिपत्रक कोणतं हे मला शिक्षकांनासुद्धा सांगावं लागत होतं.

निर्णयाबरोबर त्याची भाषाही ठरवा. राज्यातल्या काही कृषी महाविद्यालयांच्या गुणपत्रकांवर तेव्हा ‘प्रमोटेड कोविड-१९’ असा शिक्का उमटला आणि मुलं हवालदिल झाली. नोकरीच्या मुलाखतीत तो कागद पुढे कसा करायचा? गुणपत्रकावर काय छापलं जाईल आणि काय कधीच छापलं जाणार नाही, हे आराखड्यात एका वाक्यात येऊ द्या.

तिसरा मुद्दा नोंदींचा. परीक्षा झालीच नाही, किंवा अर्ध्यावर थांबली, तर विद्यार्थ्याबद्दल तुमच्याकडे लेखी काय आहे? निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावर द्यायचे म्हटल्यावर कोणत्या महाविद्यालयात अंतर्गत चाचण्या खरोखर होतात आणि कुठे तो सत्राच्या शेवटी एका रात्रीत भरायचा रकाना आहे, हे उघड झालं. जिथे ट्युटोरियलच्या वह्या, चाचणीचे पेपर, प्रात्यक्षिकांच्या रोजच्या सह्या होत्या, तिथे निकाल लावताना कोणाचा हात थरथरला नाही. विद्यार्थ्याने हरकत घेतली तर दाखवायला कागद होता. बाकी ठिकाणी सगळ्यांना जवळजवळ सारखेच गुण गेले, आणि वर्षभर मन लावून अभ्यास केलेल्या मुलावर अन्याय झाला.

म्हणून नियम करून घ्या: चाचणी झाल्यापासून आठ दिवसांत गुण विद्यापीठाच्या प्रणालीत, आणि ते विद्यार्थ्याला दिसले पाहिजेत. हे साथीसाठी म्हणून करू नका, एरवीच करा. आपत्ती आल्यावर या नोंदी मागणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं आहे.

आता ऑक्टोबर २०२०. मुदत वाढवून घेऊन राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांनी त्या महिन्यात अंतिम परीक्षा घेतल्या, मुख्यतः बहुपर्यायी प्रश्न, घरी बसून. तयारीला जेमतेम महिना. त्यातच सप्टेंबरअखेर विद्यापीठांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं आंदोलन झालं. १२ ऑक्टोबरला ग्रिड बिघडून मुंबई आणि परिसराची वीज गेली, त्या दिवशीच्या परीक्षा कोलमडल्या. लगेच दोन-तीन दिवसांत सोलापूर, पंढरपूर, उस्मानाबादकडे अतिवृष्टी झाली. मुंबईत दूरस्थ शिक्षणाच्या परीक्षेच्या वेळी सेवा पुरवणाऱ्या यंत्रणेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि पेपर पुढे ढकलावे लागले. एका महिन्यात हे सगळं. तुमच्या समितीत कोणी ‘इतकं एकदम थोडंच होतं’ म्हणालं तर ही यादी वाचून दाखवा.

आमच्याकडे ऑनलाइन आणि केंद्रावर येऊन असे दोन्ही पर्याय होते. खरी सोय झाली ती एका साध्या गोष्टीने: केंद्रावर येणाऱ्याला स्वतःच्याच महाविद्यालयात यायची सक्ती नव्हती, घराजवळच्या महाविद्यालयात बसता येत होतं. एसटी पुरेशा धावत नव्हत्या, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी चालत किंवा दुचाकीने येणं एवढंच मुलांना शक्य होतं. यासाठी महाविद्यालयांनी एकमेकांचे विद्यार्थी घ्यायचे, हजेरीपत्रक एकमेकांना पाठवायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. तुमच्या हद्दीत तालुकावार अशी गटवारी आजच करून ठेवा. त्याला पैसा लागत नाही.

पेपरच्या दिवशी काय बिघडतं ते सांगते, कारण हे प्रणाली विकणारे दाखवत नाहीत. आमच्या कला शाखेचे मराठी माध्यमाचे प्रश्न वर्षानुवर्षं जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखी दाखवणारी संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होत आले होते. ते प्रणालीत चढवल्यावर पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांग उमटली. इतिहासाच्या आमच्या सरांनी शेवटी दोन शिक्षकांना मदतीला घेऊन सगळे प्रश्न पुन्हा टाइप केले. रसायनशास्त्रात संरचनांची चित्रं टू-जीवर उघडेनात, वेळ संपून जायचा. गणितात घातांक खाली उतरून साधा आकडा व्हायचा. दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) चित्ररूपात टाकलेला प्रश्न वाचूच शकत नाही. त्यांना लेखनिक हवा, आणि साथीत लेखनिक शेजारी बसवायचा तर त्याचीही व्यवस्था हवी. कॅमेऱ्यावरून लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीला मागून आजी गेली तरी संशय येतो. एका खोलीच्या घरात मागून कोणी ना कोणी जाणारच. त्या इशाऱ्यांवर माणसाने नजर टाकल्याशिवाय कोणालाही कॉपी केसमध्ये अडकवू नये, एवढं तरी लिहून ठेवा.

आणि मदत कक्ष. सगळ्यांचे फोन एकाच वेळी येतात, पेपर सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. विद्यापीठाचा एकच क्रमांक त्या वेळी लागणं शक्य नाही. आमच्याकडे पुन्हा तेच पालक शिक्षक कामाला आले. मुलगा आपल्या सरांना फोन करी, सर मला, मी विद्यापीठाच्या समन्वयकांना. ज्याचा पेपर तांत्रिक कारणाने राहिला त्याची नोंद त्याच दिवशी झाली, म्हणून त्याला फेरसंधी मिळाली. जिथे नोंदच नव्हती तिथे मुलं ‘गैरहजर’ ठरली आणि पुढे महिनोन्‌महिने विद्यापीठाच्या खिडकीपाशी उभी राहिली.

शिकवण्याबद्दल थोडक्यात सांगते. दिवसभर झूमवर तास घ्यायचा हट्ट पहिल्या दोन आठवड्यांत सोडला तेच बरं झालं. दहा-बारा मिनिटांचं ध्वनिमुद्रण आणि हाताने लिहिलेल्या टिपणांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर, आठवड्यातून एकदा शंकांसाठी संध्याकाळी थेट तास, एवढं बहुतेकांपर्यंत पोचत होतं. कमी डेटा, कधीही ऐकता येतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून स्वयंअध्ययनाची छापील पुस्तकं आणि अभ्यासकेंद्रं यांवर लाखो लोकांना शिकवलं आहे. पारंपरिक विद्यापीठांनी त्यांच्याकडून शिकायला हवं होतं. एकट्याने वाचून कळेल असं पुस्तक कसं लिहायचं, हे त्यांचं जुनं काम आहे. तुमच्या समितीवर मुक्त विद्यापीठातला एखादा अनुभवी माणूस निमंत्रित म्हणून घ्या.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांबद्दल मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. त्यांचं मानधन घेतलेल्या तासांवर असतं. तास बंद म्हणजे मानधन बंद. ज्यांच्या भरवशावर आपण मुलांशी संपर्क ठेवला, ध्वनिमुद्रणं करून घेतली, परीक्षेचे प्रश्न काढून घेतले, त्यातले कितीतरी जण त्या काळात शेतमजुरीला गेले, भाजी विकायला बसले. एकही शिक्षक उपाशी राहणार नाही याची तजवीज नसलेला ‘शैक्षणिक सातत्य आराखडा’ मला मान्य नाही. ऑनलाइन घेतलेला तास, केलेलं ध्वनिमुद्रण, पालक शिक्षकाचं काम या सगळ्याला मानधन कोणत्या दराने आणि किती दिवसांत, हे आराखड्यात आकड्यांसह यायला हवं. शासनाकडे मागणी करावी लागली तरी ती आधी करून ठेवा.

आता प्रात्यक्षिकं. तुम्ही याबद्दल स्वतंत्र विचारलेलं नाही, पण विज्ञान शाखेत सगळ्यात मोठी पोकळी इथेच राहिली.

टायट्रेशनचा, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून तीव्रता मोजण्याचा, साधा प्रयोग घ्या. आम्ही त्याचे चित्रफितीतले धडे केले. ब्युरेटमधून थेंब पडतो, फ्लास्क हलतो, फिनॉल्फथॅलिन या दर्शकाचा फिका गुलाबी रंग येतो आणि अर्धा मिनिट टिकतो. चित्रफितीत हे सुंदर दिसतं. पण रंग येऊन लगेच जातो आहे, म्हणजे आता एकेक थेंबच सोडायचा, ब्युरेटची चावी डाव्या हाताने किती फिरवायची, हे हाताला कळावं लागतं. पहिल्यांदा करणारा विद्यार्थी हमखास रंग गडद करून बसतो आणि तिसऱ्या वाचनाला त्याचा हात बसतो. ते तिसरं वाचन पडद्यावर कुठून आणणार? आम्ही वाचनं दिली आणि गणितं सोडवून घेतली, त्यामुळे नॉर्मॅलिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता, काढणं सगळ्यांना आलं. २०२१-२२ मध्ये तृतीय वर्षाला आलेल्या मुलांनी मात्र मधल्या दोन वर्षांत प्रयोगशाळा अगदी थोडे दिवस पाहिली होती. पिपेट धरताना अंगठा लावायचा की तर्जनी, इथपासून सुरुवात करावी लागली.

यावर आम्हाला जे जमलं ते सांगते. १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने महाविद्यालयं उघडायला परवानगी मिळाली. ही फट फार दिवस राहणार नाही असं आमच्या विभागप्रमुखांना वाटलं. त्यांनी व्याख्यानं ऑनलाइनच ठेवली आणि मुलांना फक्त प्रयोगांसाठी बोलावलं, लहान तुकड्या, एका बाकावर एक. अभ्यासक्रमातले सगळे प्रयोग करायचा आग्रह सोडला. ज्या प्रयोगांत हाताचं कौशल्य आहे तेवढे निवडले. जिथे नुसती आकडेमोड आहे ते घरी. काही आठवड्यांत दुसरी लाट आली आणि सगळं पुन्हा बंद झालं, पण तोवर बहुतेक मुलांचा हात एकदा तरी फिरला होता. पुढे २० ऑक्टोबर २०२१ ला महाविद्यालयं उघडली, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद झाली, फेब्रुवारीत पुन्हा उघडली. तेव्हाही हाच क्रम ठेवला: दार उघडलं की आधी प्रयोगशाळा.

तुमच्या प्रत्येक अभ्यासमंडळाकडून हे आताच लिहून घ्या. आपल्या विषयातले प्रत्यक्ष हाताने केल्याशिवाय न येणारे प्रयोग कोणते? दोन आठवडेच मिळाले तर त्यातले कोणते घ्यायचे? वनस्पतिशास्त्राचे, भौतिकीचे, भूगोलाच्या क्षेत्रभेटीचे लोक हे आपापल्या ज्ञानाने एका दुपारी सांगू शकतात. ऐन साथीत हे ठरवायला कोणाचं डोकं जागेवर नसतं.

गुणांच्या खरेपणाबद्दल तुम्ही विचारलंत. घरी बसून दिलेल्या बहुपर्यायी परीक्षेत निकाल फुगले, हे सगळ्यांना माहीत आहे. उत्तरं टेलिग्रामवर फिरली. तरी मी त्या परीक्षेला दोष देत नाही. तेवढ्या वेळात तेवढ्या मुलांसाठी दुसरं काही शक्य नव्हतं. पण पुढच्या वेळी तीच पद्धत पहिला पर्याय म्हणून धरू नका. मला सगळ्यात खरी वाटली ती फोनवरची पाच-सात मिनिटांची तोंडी परीक्षा. ‘तू प्रकल्पात हाच द्रावक का घेतलास?’ एवढं विचारलं की काम कोणी केलं ते कळतं. साध्या फोनवर होते, डेटा लागत नाही. मोठ्या वर्गांना ती झेपत नाही हे खरं, पण शेवटच्या वर्षाच्या विशेष विषयाला आणि पदव्युत्तर वर्गांना नक्की झेपते. मोठ्या वर्गांसाठी पुस्तक उघडून लिहायचे, प्रत्येकाला वेगळी आकडेवारी दिलेले प्रश्न बरे. असे प्रश्न काढायला शिक्षकांना सराव लागतो, म्हणून दरवर्षी एका अंतर्गत चाचणीत ते वापरत राहा.

बहुपर्यायी परीक्षेचा दुसरा परिणाम उशिरा दिसला. २०२२ च्या उन्हाळ्यात लेखी परीक्षा परत आल्या तेव्हा मुलांचा लिहिण्याचा सराव मोडला होता. राज्यातल्या विद्यापीठांनी तासाला १५ मिनिटं जादा वेळ द्यायचं ठरवलं, ते योग्यच होतं. तरीही पर्यवेक्षण करताना हात झटकत बसलेली, तिसऱ्या प्रश्नाला अडकलेली हुशार मुलं मी पाहिली. शिकवणं कोणत्याही माध्यमातून असो, आठवड्याला दोन पानं हाताने लिहून त्याचा फोटो पाठवायची सवय चालू ठेवली असती तर हे बरंच टळलं असतं. आमच्या मराठी विभागाने ती ठेवली होती आणि त्यांच्या मुलांना फरक पडला.

वसतिगृहांबद्दल एक व्यावहारिक सूचना. अनेक जिल्ह्यांत प्रशासनाने वसतिगृहं विलगीकरणासाठी ताब्यात घेतली. ते गरजेचं होतं. पण मुलांचं सामान, मूळ प्रमाणपत्रं, वह्या खोल्यांतच होत्या. खोली कोण उघडणार, पंचनामा कसा, सामान कुठे, निर्जंतुकीकरणाचा खर्च कोणाचा, याचा करार जिल्हाधिकारी कार्यालयाशी आधीच करून ठेवा. परगावची, परराज्यातली, परदेशातली जी मुलं घरी जाऊच शकत नाहीत त्यांच्या जेवणाचंही त्यातच लिहा.

आणि एक रकाना प्रणालीत नसतो. आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गातल्या काही मुली महाविद्यालयं उघडल्यावर परत आल्या नाहीत. लग्नं झाली होती. काही मुलं कमावती झाली होती, काहींच्या घरचं माणूस दुसऱ्या लाटेत गेलं होतं. ज्यांना पालक शिक्षकाने घरी जाऊन, आईवडिलांशी बोलून परत आणलं, त्यातल्या काही जणी पुढे पदवीधर झाल्या. परीक्षेचा अर्ज न भरलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी कोणीतरी प्रत्यक्ष जाईल, त्याच्या थकलेल्या शुल्कासाठी विद्यार्थी कल्याण निधीतून रक्कम बाजूला असेल, हे आराखड्यात हवं. विद्यापीठ चालू राहिलं असं आपण म्हणतो तेव्हा या मुलीही त्यात धरलेल्या असायला हव्यात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, प्रणालीचा. नाव मी सुचवणार नाही. दोन वर्षांत नावं बदलतात. निविदेत काय लिहून घ्यायचं ते सांगते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच, आणि तो स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर नीट दिसला पाहिजे. एकदा प्रश्नपत्रिका उतरली की मधे रेंज गेली तरी उत्तरं फोनवर साठली पाहिजेत आणि रेंज आल्यावर आपोआप गेली पाहिजेत. विद्यार्थ्याची जोडणी तुटली की घड्याळही थांबलं पाहिजे. स्क्रीन रीडरवर चालली पाहिजे. विद्यार्थ्यांचे फोटो, ओळखपत्रं, चित्रीकरण किती दिवसांनी पुसणार हे करारात. सगळी माहिती आणि प्रश्नपेढी विद्यापीठाच्या मालकीची, कंपनी बदलली तरी वापरता येईल अशा स्वरूपात. चाचणी विद्यापीठाच्या सभागृहातल्या वायफायवर घेऊ देऊ नका. तुमच्या हद्दीतल्या सगळ्यात दूरच्या महाविद्यालयात, तिथल्याच मुलांच्या फोनवर, भरदुपारी घ्या, आणि त्या वेळी समितीतलं कोणीतरी तिथे हजर असू द्या. देयकाचा मोठा हिस्सा निकाल जाहीर होऊन तक्रारींचा निपटारा झाल्यावरच द्यायचा, अशी अट घाला. ही अट मान्य नसलेल्या कंपनीची निविदा तिथल्या तिथे बाजूला ठेवा.